अकरा अक्षरांची ओळ

ब्रदर दुभाष यांचे पत्र माझ्या टेबलाच्या खणात तीन वर्षे पडून होते. मी ते विसरलो होतो असे मात्र नव्हे. दर महिन्याला ते काढून वाचत असे आणि उत्तर लिहायला घेत असे. सात मसुदे झाले. एकात मी फार क्षमा मागितली होती, एकात फारच कमी, आणि एक तर वाचनालयाच्या स्मरणपत्रासारखा उतरला होता. आयुष्यभर मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. ‘पुस्तक परत करावे’ एवढेच मला आत्मविश्वासाने लिहिता येते.

पत्र लहानच होते.

‘प्रिय लायब्ररी, पांचगणीची हवा चांगली आहे. बाकी सांगण्यासारखे काय नाय. डॉक्टर बोलतो, मी आता विसरत जाणार. हळूहळू, पण सगळे. तर तू गुरुवारी येत जा. मी उपदेश म्हणीन, तू ऐक. मी अडलो तर सांग. एवढी वर्षे मी तुला सांगितले, आता तुझी पाळी. येतोस की नाय ते लिही. मी पोस्टमनची वाट बघतो. – नोशीर दुभाष.’

साताऱ्याहून पांचगणी बसने दीड तास. मी गेलो नाही, आणि लिहिलेही नाही.

का, ते सांगण्यासाठी आधी आमच्या लॉजबद्दल सांगावे लागेल. वर्षातून दोन-तीनदा कोणीतरी बॅग घेऊन येतो आणि खोली मिळेल का विचारतो. ते लॉज हे नव्हे. कॅम्पातली ती जुनी दगडी इमारत, जिला आसपासची मुले भुताचा बंगला म्हणतात, ती फ्रीमेसन बंधुसंस्थेची. ही संस्था मुळात पाथरवटांची. पुढे दगड फोडणारे गेले आणि वकील, डॉक्टर, मास्तर आले. एप्रन तेवढा राहिला. काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरशीवर आम्ही एप्रन बांधून उभे राहतो, एकमेकांना ब्रदर म्हणतो आणि काही विधी करतो. ते गुप्त असतात म्हणे. माझ्या अनुभवात ते ऐकून घ्यायलाच कोणी तयार नसते.

एक नियम मात्र कडक आहे. विधी पाठ म्हणायचा. हाती पुस्तिका असते, पण तीत प्रत्येक शब्दाचे फक्त पहिले अक्षर. बाकीचे कानातून कानात यायचे. आमच्या लॉजला हा विधी मराठीत चालवण्याची खास परवानगी होती. कोणा जुन्या शाळामास्तरांनी तो मराठीत रचला आणि लिहून ठेवला नाही. सभा संपताना नऊ मिनिटांचा समाप्तीचा उपदेश असे. तो चौतीस वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडला, कारण तेव्हा दुसऱ्या कोणाला तो नको होता.

मला माणसांसमोर बोलायचे म्हणजे धडकी भरते. पहिल्याच वेळी शेवटाजवळ एका ओळीवर मी अडलो. शेजारच्या खुर्चीतून दुभाष यांनी ती ओळ हळूच म्हटली. पुढच्या महिन्यात मी तिथेच अडलो. त्यांनी पुन्हा म्हटली. हळूहळू ती ओळ त्यांचीच झाली. मी थांबायचो, ते म्हणायचे, मी पुढे जायचो. जेवताना ते चमचा माझ्याकडे रोखून सांगत, “या लायब्ररीत एक पान फाटलेलं हाय. ते माझ्या खिशात असते.”

दर गुरुवारी चार वाजता नवे सभासद पाठांतरासाठी माझ्या घरी येत. चहा व्हायचा, चुका व्हायच्या, कोणाच्या बदलीची, कोणाच्या आईच्या ऑपरेशनची गोष्ट निघायची. मग एकेक जण यायचा थांबला. शेवटी रजिस्टरात आम्ही अकरा उरलो. सोडून गेलेल्या तीस जणांना आम्ही कारण विचारले. बावीस जणांनी एकच शब्द लिहिला: पाठांतर.

तेव्हा ब्रदर विक्रांत ढाणे यांनी पट्टी आणली. ढाण्यांचे राजवाड्याजवळ श्रवणयंत्रांचे दुकान आहे. वय चौतीस, बोलणे भरभर, मन साफ.

“काका, लोकांना लॉज नको झालेलं नाही. घोकंपट्टी नको झालीय,” ते म्हणाले. “चार रात्री ही डोक्याला बांधून झोपायचं. पाचव्या दिवशी सगळा विधी तोंडपाठ. दहावीची पोरं वापरतात, नाटकवाले वापरतात. आपणच काय घोडं मारलंय?”

पट्टीमागचे शास्त्र मी चार पुस्तकांतून समजून घेतले. गाढ झोपेत मेंदूत विजेच्या संथ लाटा उठतात, सेकंदाला साधारण एक. त्या वेळी मेंदू दिवसभरातल्या आठवणी पुन्हा एकदा चालवून पाहतो आणि कोणत्या ठेवायच्या ते ठरवतो. लाट चढत असताना एखादा ओळखीचा आवाज अगदी हलका कानी पडला, की त्याच्याशी जोडलेली आठवण पुन्हा जागी होते आणि घट्ट बसते. पूर्वी हे प्रयोगशाळेतच जमे. पट्टी लाटा मोजते आणि नेमक्या क्षणी शब्द सोडते. माणूस दिवसा एकदा ऐकतो, रात्री शेकडो वेळा.

याची दुसरी बाजूही त्याच पुस्तकांत होती, पण ती मी भरभर वाचली. एक वाट पुन्हा पुन्हा मळली की शेजारच्या पाऊलवाटांवर गवत वाढते. जे घोकून घेतले ते पक्के होते. त्याच्या अगदी लगतचे, पण न घोकलेले, असते त्याहून फिके होते.

पट्टी घ्यायची की नाही यावर हात वर करून मत घेतले. दुभाष म्हणाले, “झोपलेल्या माणसाच्या कानात बोलायचं, ही काय शिकवणी? त्याला चूक कधी करायला देणार?” नंतर ते माझ्याकडे बघत राहिले. ढाणेही माझ्याकडे बघत होते. माझा हात वर गेला. मला पटले म्हणून तो वर गेला, की ढाणे जास्त जवळ बसले होते म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

दुभाष यांनी भांडण केले नाही. दोन महिन्यांनी ते लेकीकडे, पांचगणीला राहायला गेले. मग ते पत्र आले.

विधीचे ध्वनिमुद्रण माझ्याच आवाजात झाले, कारण उपदेश पूर्ण येणारा मीच होतो. म्हणजे तसे सगळ्यांना वाटत होते. ढाण्यांच्या दुकानातल्या काचेच्या खोलीत बसून मी नऊ मिनिटे म्हणत गेलो आणि त्या जागी थांबलो. शेजारी खुर्ची नव्हती. चार सेकंद शांतता. घाबरून मी पुढची ओळ धरली आणि शेवट गाठला.

ढाण्यांनी कानावरचे हेडफोन काढले. “काका, मध्येच थांबलात. पुन्हा घ्यायचं का?”

तेव्हा मी म्हणू शकलो असतो की एक ओळ राहिली, ती दुभाष यांना विचारून येतो. पण पत्राला उत्तर दिलेले नव्हते. कोणत्या तोंडाने विचारणार?

“नाही,” मी म्हणालो, “तिथे थांबायचंच असतं.”

“वा,” ढाणे म्हणाले. “भारी वाटतं ते.”

पुढची दोन वर्षे लॉजचे दिवस पालटले. अकराचे बावन्न झालो. डोळे मिटून विधी म्हणणारी तरुण माणसे, एकही चूक नाही, एकही अडखळणे नाही. जुन्या लोकांनीही हौसेने पट्ट्या बांधल्या. मीही बांधली, कारण माझा माझ्यावर कधीच भरवसा नव्हता. उपदेश आता पाळीपाळीने कोणीही म्हणे, आणि त्या जागी सगळे जण चार सेकंद थांबत. नव्यांनी त्याला मौन असे नाव दिले. ते तिथे माना खाली घालत. एकाने मला सांगितले की त्या मौनात त्याला त्याचे दिवंगत वडील आठवतात. मी ‘छान’ म्हणालो.

गुरुवारी चारला आता कोणी येत नसे. येण्याचे कारणच नव्हते. पहिले काही आठवडे मला, खरे सांगायचे तर, सुट्टी लागल्यासारखे वाटले. मग एका गुरुवारी सवयीने पाच कप काढले आणि पुन्हा फडताळात ठेवले.

आणि हळूहळू सभाही रिकाम्या होऊ लागल्या. सभासदत्वाच्या तीन पायऱ्या, प्रत्येकीचा विधी वेगळा. लोक चार रात्रींत पहिली पायरी गाठत, चार रात्रींत दुसरी, चार रात्रींत तिसरी. बारा रात्रींत सगळे मिळाले की येत नसत. रजिस्टरात बावन्न, खुर्च्यांवर सतरा. ढाण्यांनी सूचनांचे ॲप केले, जेवणात बिर्याणी ठेवली, कुटुंबमेळावा घेतला. खुर्च्या सतराच.

“काका, आता यायला सोपं केलंय सगळं,” ते एकदा वैतागून म्हणाले. “मग जातात का?”

मी थकलो होतो. अवघड होते तेव्हा माणसे जात होती, सोपे झाले तेव्हाही जात होती.

या श्रावणात प्रांतिक कार्यालयातून निरीक्षक आले. ब्रदर लोबो, मूळचे वेंगुर्ल्याचे, मऊ बोलणारे. ते आद्याक्षरांची पुस्तिका मांडीवर घेऊन बसले होते आणि उपदेशाबरोबर एकेका अक्षरावर पेन्सिल ठेवत होते. मौन आले. सतरा माना खाली गेल्या. लोबो यांची पेन्सिल थांबली. उपदेश पुढे सरकला, पेन्सिल मात्र तिथेच.

सभा संपल्यावर त्यांनी पुस्तिका ढाण्यांसमोर ठेवली. ढाणे या वर्षी लॉजचे अध्यक्ष होते.

“हे काय ओ? इथे अकरा अक्षरं आहेत. दि, वि, खु, मो... जा पर्यंत. तुम्ही इथे काहीच म्हटलं नाही.”

“ते मौन आहे, सर.”

“मौनाला अक्षरं कशी असतील, बाबा?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मला लहानपणापासून ज्या क्षणाची भीती वाटत आली होती तो हाच असावा.

“ओळ आहे,” मी म्हणालो. “ती दुभाष म्हणत असत. मी ध्वनिमुद्रणात ती गाळली. थांबायचं असतं हे मी खोटं सांगितलं.”

जुन्यांपैकी एक म्हणाले, “अरे, ती ओळ तर मला येत होती! ती... ती आपली...” आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू भीती पसरली. पट्टीने आम्हा सगळ्यांना ओळीच्या अलीकडचे आणि पलीकडचे इतके पक्के करून दिले होते, की मधले पुसले गेले होते. मीही आठवून पाहिले. मागची ओळ आली, मग चार सेकंद, मग पुढची. मधे गवत होते.

लोबो यांनी पुस्तिका मिटली. “एक महिना देतो. पूर्ण उपदेश झाला तर ठीक. नाहीतर मराठी विधीची परवानगी काढून घ्यावी लागेल. इंग्रजी छापील आहेच. माझा नाइलाज आहे.”

ढाण्यांनी ती अकरा अक्षरे वाक्ये जुळवणाऱ्या यंत्राला घातली. यंत्राने क्षणात दोनशे वाक्ये दिली. “दिव्य विचारांनी खुलवा मोलाचे जीवन...” ते वाचू लागले आणि थांबले. “हे तर बक्षीस समारंभातलं भाषण झालं, काका.”

“हो,” मी म्हणालो. “मी पांचगणीला जाऊन येतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळची विजेवरची एसटी घेतली. पसरणीचा घाट ती आवाज न करता चढते. जुन्या गाड्या धापा टाकायच्या, तेव्हा आपणही धापा टाकलेल्या चालत. खिडकीशी बसून मी काय बोलायचे ते जुळवत होतो. तीन वर्षे ज्याला उत्तर दिले नाही, त्याच्याकडे मी काही द्यायला चाललो नव्हतो. मागायला चाललो होतो. वाईला उतरून परत फिरावे असे दोनदा वाटले.

दार त्यांच्या लेकीने, पर्विझने उघडले. ती शाळेत गणित शिकवते. मला पाहून तिने काही क्षण दाराची कडी धरूनच ठेवली.

“अंकल. उशीर केलात.”

“हो.”

“ते आता ओळखत नाहीत. मलासुद्धा कधी मम्मी म्हणतात, कधी नर्स.”

दुभाष व्हरांड्यात शाल घेऊन बसले होते. समोर चहा आणि बटर. ते फार लहान झाले होते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, “मीटर मागच्या बाजूला हाय.”

“मी मीटरवाला नाही. साताऱ्याहून आलो. लॉजमधून.”

“साताऱ्यात आपला एक लायब्ररीवाला होता,” ते खूश होऊन म्हणाले. “खरवंडीकर. सोन्यासारखा माणूस, पण घाबरट! पाल बघून पळेल. त्याला पत्र टाकलाय. उत्तर येल आता.”

“मीच खरवंडीकर.”

त्यांनी हसून हात झटकला. “जा रे. तो जवान हाय.”

पर्विझ खांबाला टेकून उभी होती. हलक्या आवाजात म्हणाली, “रोज अकरा वाजता फाटकाशी जातात. पोस्टमनला विचारतात. तीन वर्षं. आता तो बिचारा लांबूनच मान हलवतो.”

मला तिथे बसवेना आणि उठवेना. मी ओळीविषयी विचारले. त्यांना प्रश्नच कळला नाही. अकरा अक्षरे वाचून दाखवली. त्यांनी ती डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी ऐकून घेतली. बटर चहात बुडवले, ते तुटून आत पडले, आणि दुभाष चमच्याने ते शोधत राहिले. लॉज गेले, एप्रन गेला, मीही गेलो. संपले असे मला वाटले.

मग काही सुचेना म्हणून, आणि निदान त्यांनी मागितले होते ते एकदा तरी करावे म्हणून, मी उपदेश म्हणायला लागलो. पट्टीच्या कृपेने तो न अडखळता येत गेला. त्यांचे लक्ष चहात होते. आठवे मिनिट आले.

“फरशी काळी-पांढरी आहे,” मी म्हणालो. “तसेच आपले दिवस. दोन्हींवर पाऊल सारखेच टाका.”

आणि मी थांबलो. मला दुसरे काही येतच नव्हते.

एक सेकंद. दोन. तीन. चमचा बशीवर टेकला.

“दिवा विझवण्याआधी खुर्च्या मोजा,” दुभाष म्हणाले. वर न बघता, जुन्या आवाजात. “जी रिकामी दिसेल, तिच्या घरी उद्या जा.” मग चिडून, “साला, दर वेळी इथेच अडतो!”

मी पुढची ओळ म्हणायला हवी होती. “मग दार लावा, आणि ऐकले ते वागण्यात ठेवा.” ती मी जरा उशिरा म्हटली.

त्यांनी मान वर केली. क्षणभर मला वाटले, ओळखले. “चांगला म्हणतो तू,” ते म्हणाले. “कोण शिकवला?”

“तुम्हीच.”

“मी?” त्यांनी विचार केला. “मग त्या लायब्ररीला भेटलास तर सांग. हो नाय तर नाय, पण उत्तर दे म्हणावं. माणूस फाटकाशी उभा राहते.”

परत येऊन मी सरळ ढाण्यांच्या दुकानात गेलो आणि त्यांना काचेच्या खोलीत नेऊन ती ओळ कानात सांगितली. त्यांनी ती ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिली. मग त्यांच्यातला दुकानदार जागा झाला.

“बसा काका, लगेच रेकॉर्ड करू. पाच सेकंदांचं काम. रात्रीतून बावन्न जणांच्या डोक्यात.”

“नको.”

“नको म्हणजे? लोबो साहेबांना काय सांगू?”

“त्यांच्यासमोर ती ओळ म्हणायची. पण पट्टीत ते चार सेकंद तसेच रिकामे राहू देत. ज्याला ओळ हवी त्याने कोणाकडे तरी जावं. जागेपणी. ज्याच्याकडे आहे त्याने द्यावी.”

“आणि कोणी गेलंच नाही तर?”

“तर पुन्हा हरवेल,” मी म्हणालो. “मला खात्री नाही, विक्रांत. मला कशाचीच नसते. पण झोपेत मिळाली तर ते ती पाठ म्हणतील आणि घरी बसतील.”

काउंटरच्या मागून ढाण्यांनी रजिस्टर काढले आणि बोटाने नावे मोजत गेले.

“बावन्नातून सतरा गेले. पस्तीस घरं झाली, काका.”

“उद्यापासून.”

“आमच्या मोटरसायकलवर बसाल का?”

“बसेन. हळू चालवलीत तर.”

“आणि पाठांतराचा गुरुवार परत सुरू करताय?”

“बुधवारी,” मी म्हणालो. “गुरुवारी मला जमणार नाही.”

घरी येऊन मी खण उघडला. सात मसुदे काढून बाजूला ठेवले. आंतर्देशीय पत्र आता पोस्टातही विचारून घ्यावे लागते. खिडकीतल्या बाईंनी ते खालच्या कपाटातून धूळ झटकून दिले होते. पत्ता आधी लिहिला, कारण तो निश्चित होता. मग लिहिले:

‘प्रिय ब्रदर दुभाष, होय. दर गुरुवारी चार वाजता येतो. मी अडेन. तुम्ही सांगा. – लायब्ररी.’

वाचून पाहिले. यात क्षमा नव्हती, कारणे नव्हती, आणि ते फारच थोडे वाटत होते. आठवा मसुदा करावा असे मनात आलेच. म्हणून चिकटवून टाकले आणि चपला घातल्या.

पोस्टाची पेटी कचेरीच्या भिंतीला आहे. साडेचारला उघडतात, चार वाजून दहा मिनिटे झाली होती. उद्या नाही तर परवा, अकराच्या सुमारास, कोणीतरी फाटकाशी मान हलवण्याऐवजी सायकलवरून उतरेल. मी पत्र फटीत धरले, क्षणभर तसाच थांबलो, आणि सोडले. पेटी रिकामी असावी. ते तळाला टेकल्याचा आवाज आला.